ज्याने सीडी विकत घेतली, त्याच्याच संगणकात: सोनी बीएमजीचं रूटकिट प्रकरण

मार्क रुसिनोविच हा विंडोजच्या पोटात शिरून काम करणारा माणूस. २००५ मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये नव्हता, स्वतःची छोटी कंपनी चालवत होता. पण विंडोज आतून कसं चालतं हे विचारायचं तर याला, असा त्याचा लौकिक होता. त्या वर्षी त्याने रूटकिटरिव्हीलर नावाचं एक साधन लिहिलं होतं. कॉम्प्युटरवर कुणी स्वतःला लपवून बसलंय का, हे ते शोधतं. ऑक्टोबरच्या शेवटी त्याची नवी आवृत्ती तो आपल्याच मशीनवर चालवून बघत होता आणि साधनाने सांगितलं, आहे कुणीतरी. एक लपलेला फोल्डर, काही लपलेले ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम), एक लपलेला प्रोग्रॅम.

भलत्यासलत्या साइटवर जाऊन मिळेल ते उतरवून घेणारा हा माणूस नव्हे. आधी त्याला साधनच चुकतंय असं वाटलं. माग काढत गेल्यावर फाइलींवर फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीचं नाव निघालं. ही कंपनी गाण्यांच्या सीडीसाठी नकलरोधक सॉफ्टवेअर बनवते आणि तिच्या गिऱ्हाइकांत सोनी बीएमजी ही बडी संगीत कंपनी आहे, हे कळल्यावर त्याला आठवलं, की थोड्याच दिवसांपूर्वी आपण व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांची सीडी ॲमेझॉनवरून घेतली होती आणि ती याच मशीनवर वाजवली होती.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने हे सगळं तपशिलात लिहून जाहीर केलं. पुढच्या पंधरवड्यात सोनी बीएमजीला लाखो सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या. सॉफ्टवेअरचा कॉपीराइट, ग्राहकाचा खाजगीपणा आणि विकत घेतलेल्या वस्तूवरचा हक्क या तीन गोष्टींची गाठ इतकी घट्ट बसलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. बहुतेक जण ते 'एका मोठ्या कंपनीने केलेला मूर्खपणा' म्हणून सांगतात. मूर्खपणा होताच. पण मला त्यात जास्त टोचते ती दुसरीच गोष्ट. रुसिनोविचच्या आधी ज्यांना हे माहीत होतं, ते बोलले का नाहीत?

दप्तरातली गाळलेली नावं

रूटकिट म्हणजे काय ते सातबाराच्या भाषेत सांगतो. एखाद्या गटात खातेदार कोण कोण आहेत हे तुम्हाला पाहायचंय. तुम्ही दप्तर स्वतः उघडत नाही. तलाठ्याला विचारता, तो वाचून दाखवतो. आता त्या खुर्चीत कुणी आपला माणूस बसवला आणि त्याला सांगून ठेवलं, की अमुक खुणेने सुरू होणारं नाव आलं की गाळ आणि पुढचं वाच. नोंद दप्तरात आहे, जमीन कसली जातेय, पण तुम्ही दहा वेळा विचारा, यादीत ते नाव येणार नाही. तुम्हीच काय, चौकशीला आलेला अधिकारीही त्याच खुर्चीला विचारणार.

विंडोजमध्ये ही खुर्ची म्हणजे कर्नल, विंडोजचा सगळ्यात आतला गाभा. या फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत, आत्ता कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) काय नोंदलंय, हे प्रश्न शेवटी तिथेच जातात. सोनी बीएमजीच्या सीडीवरचं सॉफ्टवेअर (त्याचं नाव एक्ससीपी) कर्नलमधली या प्रश्नांची उत्तरं मधल्यामध्ये अडवत होतं. नियम एकच होता: नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग 'सिस' ही अक्षरं आणि पुन्हा डॉलरचं चिन्ह असेल तर ती गोष्ट दाखवायची नाही.

खरी घाण या नियमातच होती. नाव त्या खुणेने सुरू होतंय एवढंच तो बघे, फाइल कुणाची आहे याची चौकशी नाही. रुसिनोविचने साध्या नोटपॅडची एक प्रत काढली, तिच्या नावापुढे ती खूण लावली आणि नोटपॅड त्याच्या डोळ्यांसमोर नाहीसं झालं. म्हणजे सोनी बीएमजीने स्वतःला लपायला जागा केली ती दार उघडं ठेवून. मागून येणाऱ्या कुणालाही तिथे दडता येणार होतं.

बाकीचे तपशीलही बघण्यासारखे आहेत. लपून चालणाऱ्या सेवेला नाव दिलं होतं 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर', म्हणजे कुणाच्या नजरेस पडलीच तर विंडोजचाच भाग वाटावी. सीडी ड्राइव्हमध्ये असो वा नसो, हा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी चालू प्रोग्रॅमांच्या फाइली चाचपत बसे आणि तेवढी कॉम्प्युटरची शक्ती फुकट जाई. काढून टाकण्याची सोय नव्हती. रुसिनोविचने हातानेच ड्रायव्हर उडवले, तेव्हा विंडोजमधून सीडी ड्राइव्हच गायब झाला, कारण एक्ससीपीने ड्राइव्हच्या साखळीत स्वतःची कडी घुसवून ठेवली होती. रजिस्ट्रीत हात घालून त्याने ती सोडवली. त्याला जमलं. तुमच्या-माझ्या घरी थेट नवीन ड्राइव्हचं बिल झालं असतं.

सीडीला कुलूप लागत नाही

हे लपणं आलं कुठून, हे कळायला सीडी समजून घ्यावी लागते. गाण्याची सीडी सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवली आणि १९८२ मध्ये बाजारात आणली. तेव्हा घरोघरी सीडीवरून नक्कल काढता येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून त्या मानकात कूटबंध वगैरे काहीच ठेवलेलं नाही. गाणी उघडी पडलेली असतात. वीस वर्षांनी प्रत्येक कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह आला तेव्हा कंपन्यांना घाम फुटला. पण मानक बदललं तर लोकांकडचे जुने सीडी प्लेअर निकामी झाले असते.

मग उरली एकच वाट. सीडीला कुलूप लागत नाही, तर गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरला लावा. सीडीवर गाण्यांबरोबर एक प्रोग्रॅम ठेवायचा, विंडोजच्या ऑटोरन सोयीमुळे सीडी घालताक्षणी तो चालू होणार, आणि तिथून पुढे तो त्या सीडीची नक्कल अडवणार. हे कुलूप किती तकलादू होतं ते २००३ मध्येच दिसलं होतं. प्रिन्स्टन विद्यापीठातला विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन याने दाखवून दिलं, की सनकॉम कंपनीचं मीडियामॅक्स हे असंच सॉफ्टवेअर चुकवायचं असेल तर सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरा. ऑटोरन बंद, कुलूप बंद. सनकॉमने त्याच्यावर १ कोटी डॉलरचा दावा लावण्याची धमकी दिली आणि जगभर हसं झाल्यावर ती मागे घेतली.

आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या जागी बसून बघा. तुमचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. तो नसता तर त्याचं भलंच झालं असतं. त्याला दिसला, तर तो काढून टाकणार. म्हणून तो दिसू द्यायचा नाही आणि दिसलाच तर निघू द्यायचा नाही. हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमांचे कर्ते नेमका असाच विचार करतात. सोनी बीएमजीत कुणी खलनायक बसला होता असं मानायची गरजच नाही. धंद्याचं गणित एकदा असं मांडलं की उत्तर रूटकिटच येतं.

यात सोनीच असावी हा नशिबाचा खेळ. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बीटामॅक्स खटल्यात याच सोनीने चित्रपट कंपन्यांविरुद्ध पाच विरुद्ध चार मतांनी विजय मिळवला होता. घरी व्हिडिओ रेकॉर्डरवर कार्यक्रम भरून नंतर बघणारा माणूस चोर नाही, आणि ते यंत्र विकणारी सोनी चोराची साथीदार नाही, असा तो निकाल. वीस वर्षांत सोनीकडे स्वतःचा गाण्यांचा आणि चित्रपटांचा साठा आला आणि २००४ मध्ये जर्मनीच्या बेर्टेल्समानबरोबर भागीदारीत सोनी बीएमजी उभी राहिली. रस्ता तोच होता, सोनी फक्त पलीकडच्या फुटपाथवर गेली होती.

आपल्याकडे या काळात कॅसेटच्या दुकानात यादी देऊन गाणी भरून घेणं हा कुणाला गुन्हा वाटत नव्हता, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. पण एक्ससीपी अशांच्या वाट्याला आलंच नाही. ज्याने इंटरनेटवरून फुकट गाणी ओढली त्याच्या फाइलींत रूटकिट नव्हतं. ज्याने दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजली, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, याचं याहून शब्दशः उदाहरण सापडणं अवघड.

'मान्य आहे' म्हणजे काय मान्य

कंपनीचा बचाव साहजिकच परवाना कराराचा होता. सीडी घातली की तीन हजारांच्या आसपास शब्दांचा एक मजकूर समोर येई आणि खाली 'मान्य आहे'चं बटण. त्यात लिहिलं होतं, की एक छोटा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर बसवला जाईल आणि तुम्ही तो काढून टाकेपर्यंत तिथे राहील. 'काढून टाकेपर्यंत'! जो दिसत नाही आणि ज्याला काढायची सोय दिलेली नाही, त्याच्याबद्दल हे वाक्य. लपण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तो करार शब्दन् शब्द वाचून काढला तेव्हा आणखी मौजेची कलमं निघाली. घरी चोरी होऊन सीडी गेली, तर कॉम्प्युटरवरची गाणीही पुसून टाकायची. देश सोडून दुसरीकडे राहायला गेलात तरी तेच. दिवाळं वाजलं तरी तेच. आणि कंपनीमुळे तुमचं कितीही नुकसान झालं तरी कंपनी ५ डॉलरपेक्षा जास्त देणं लागत नाही. साधी प्लॅस्टिकची चकती विकत घेणाऱ्याला हे सगळं 'मान्य' होतं म्हणे.

आणि एक्ससीपीत निदान बटण दाबेपर्यंत थांबण्याची रीत तरी होती. त्याच काळात सोनी बीएमजीच्या दुसऱ्या सीडींवर मीडियामॅक्सच होतं, शिफ्टच्या बटणाने हरलेलं तेच. ते लपून बसत नसे, पण त्याच्या फाइली करार पडद्यावर येण्याआधीच कॉम्प्युटरवर उतरत. 'मान्य नाही' म्हणून सीडी बाहेर काढली तरी त्या तिथेच राहत. संमतीचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर काहीही आलं तरी आपलं काम उरकलेलं, हा प्रकार मला रूटकिटपेक्षाही उर्मट वाटतो.

खाजगीपणाचा धागा इथेच येतो. सीडीबरोबर येणारा प्लेअर चालू केला की तो सोनीच्या एका सर्व्हरशी संपर्क साधून कोणता अल्बम वाजतोय त्याचा क्रमांक कळवत असे, हे रुसिनोविचने जाळ्यावरची वाहतूक पकडून दाखवलं. हेतू बहुधा साधा असावा: त्या अल्बमसाठी नवं चित्र किंवा जाहिरातीची पट्टी आहे का बघायचं. पण कोणत्या पत्त्यावरून, कधी, कोणता अल्बम, एवढी नोंद सर्व्हरवर उरण्याची सोय त्यात होतीच. करारात मात्र वैयक्तिक माहिती गोळा करणार नाही असं लिहिलेलं होतं.

कोणाला कधीपासून ठाऊक होतं

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

सप्टेंबर २००५ च्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला गिऱ्हाइकांच्या मशीनवर काहीतरी विचित्र लपलेलं आढळलं. मुळाशी गाण्याची सीडी आहे हे त्याने ओळखलं आणि फिनलंडच्या एफ-सिक्युअर या अँटीव्हायरस कंपनीला कळवलं. 'बिझनेसवीक'ने नंतर छापलेल्या वृत्तानुसार एफ-सिक्युअरने ४ ऑक्टोबरला सोनी बीएमजीला याची कल्पना दिली आणि पुढे सविस्तर तपासणीही पाठवली. महिन्याच्या उत्तरार्धात फर्स्ट फोर इंटरनेटबरोबर फोनवर बैठक झाली. एफ-सिक्युअरच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना मिळालेलं उत्तर असं होतं: ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून धोका नाही, पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येईल, त्यात दुरुस्त होईल.

हे उत्तर परत एकदा वाचा. घराच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, पण गावात कुणाला ठाऊक नाही, तेव्हा दिवाळीनंतर बुजवू.

एफ-सिक्युअर ऑक्टोबरभर जाहीरपणे बोलली नाही. आधी कंपनीला दुरुस्तीची संधी द्यायची, मग जगाला सांगायचं, ही सुरक्षाक्षेत्रातली मान्य पद्धत आहे आणि तिच्यामागे विचार आहे. उपाय नसताना बोंब मारली तर चोरांनाच पत्ता मिळतो. तिला मी दोष देणार नाही. निदान ती शोधत तरी होती. बाकीच्या बड्या अँटीव्हायरस कंपन्यांचं काय? वर्षाची वर्गणी घेऊन त्या लाखो मशीनवर पहारा देत होत्या. रुसिनोविचने सगळं उघड केल्यावरही त्यांच्या यादीत एक्ससीपीचं नाव यायला नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, आणि तेव्हाही काहींनी फक्त लपवणारा भाग काढला, बाकीचं सॉफ्टवेअर तसंच ठेवलं. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं, की एरवी नवं घातक सॉफ्टवेअर सापडलं की सुरक्षा कंपन्या ते साफ करायला एकमेकींच्या पुढे धावतात, इथे मात्र सगळ्या गप्प. पाहुणा मोठ्या घरचा असला की पहारेकरी सलाम ठोकतो, इतकाच अर्थ.

तिसरा गट प्रिन्स्टनचा. प्राध्यापक एड फेल्टन आणि तोच शिफ्टच्या बटणाचा ॲलेक्स हाल्डरमन. या दोघांना एक्ससीपीत खोट आहे हे रुसिनोविचच्या जवळपास महिनाभर आधी कळलं होतं. तरी ते वकिलांशी बोलत बसले होते, कारण अमेरिकेतला १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम १२०१ प्रमाणे कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप तोडणं, किंवा ते तोडायचं साधन पुरवणं, हाच स्वतंत्र अपराध आहे. कुलूप तोडून गाण्याची चोरी केलीत की नाही, हा प्रश्न तिथे सहसा दुय्यम ठरतो. रूटकिट कसं काढायचं हे लोकांना सांगणं म्हणजे कुलूप कसं तोडायचं हे सांगणं, असा दावा कुणी केला तर? फेल्टन यांना ही भीती पुस्तकी नव्हती. गाण्यांत लपवलेल्या खुणांवरचा शोधनिबंध त्यांना २००१ मध्ये परिषदेतून मागे घ्यावा लागला होता तो संगीत उद्योगाचं धमकीचं पत्र आल्यावर.

कायद्याने चोराला घाबरवायचं होतं. घाबरले ते चोराची खबर देऊ शकणारे. त्या महिनाभरात त्या सीडी दुकानांत विकल्या जातच होत्या.

नोव्हेंबर

इथून पुढे घटना इतक्या भरभर घडल्या की कंपनीच्या हातून एकही गोष्ट नीट झाली नाही. आधी त्यांनी फक्त लपवाछपवी काढणारा एक पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम, दिला, सॉफ्टवेअर राहिलंच. ४ नोव्हेंबरला सोनी बीएमजीच्या जागतिक डिजिटल व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेसी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर म्हणाले, की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग त्यांनी त्याची पर्वा का करावी? हे वाक्य त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं.

पर्वा करणारे दुसरेच निघाले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात लबाडी करणाऱ्यांनी आपली साधनं त्या डॉलरच्या खुणेखाली लपवायला सुरुवात केली. त्या खेळाची कंपनीही खेळाडूंच्या मशीनमध्ये डोकावून लबाडी शोधत असे, म्हणजे एका हेराला दुसऱ्या हेराने आंधळं केलं. १० नोव्हेंबरच्या सुमारास ती खूण वापरून दडणारा पहिला खराखुरा ट्रोजन (साळसूद रूपात शिरणारा घातक प्रोग्रॅम) दिसला.

सगळं सॉफ्टवेअर काढायचं तर वेबवर अर्ज भरायचा, ईमेलची वाट बघायची, पुन्हा एक अर्ज भरायचा, मग ब्राउझरमध्ये एक घटक बसवून घ्यायचा. वकिलांच्या कचेरीतून सुटून आलेल्या फेल्टन-हाल्डरमन यांनी तो घटक तपासला, तर काम झाल्यावरही तो मशीनवर राही आणि कोणत्याही वेबपानाला त्या मशीनवर हवा तो प्रोग्रॅम चालवू देई. रोगापेक्षा औषध जहाल. पुढच्या महिन्यात मीडियामॅक्समध्येही भोक सापडलं, त्यावर ठिगळ आलं, आणि त्या ठिगळातही भोक निघालं.

१५ नोव्हेंबरपर्यंत सोनी बीएमजीने एक्ससीपी असलेल्या सगळ्या सीडी परत घ्यायचं जाहीर केलं. एकूण ५२ अल्बम होते. सेलिन डिऑन, रिकी मार्टिन, नील डायमंड अशी नावं त्यांत. सुमारे ४७ लाख सीडी बनल्या होत्या आणि २१ लाख विकल्या गेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या साधनांतून हे रूटकिट काढायचं ठरवलं.

किती कॉम्प्युटर बाधित झाले हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॅन कमिन्स्की या संशोधकाने त्यावर नामी युक्ती काढली. प्लेअर सोनीच्या सर्व्हरला हाक मारतो, म्हणजे त्याआधी तो जवळच्या डीएनएस सर्व्हरला (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला) पत्ता विचारणार, आणि हे सर्व्हर नुकतंच कोणी काय विचारलं ते थोडा वेळ लक्षात ठेवतात. त्याने जगभरच्या डीएनएस सर्व्हरांना फक्त एवढंच विचारलं, हा पत्ता तुझ्या आठवणीत आहे का? किमान ५,६८,२०० सर्व्हरांनी हो म्हटलं. हा आकडा सर्व्हरांचा; एकेकाच्या मागे एक मशीन असेल किंवा हजार. ज्या गुपचूप संपर्काने गिऱ्हाइकाची खबर कंपनीला जात होती, त्यानेच कंपनीची खबर जगाला दिली.

चोराच्या उलट्या बोंबा

या सगळ्या गदारोळात फिनलंडमधल्या एका प्रोग्रॅमरने एक्ससीपीच्या फाइली उघडून बघितल्या आणि त्यात ओळखीचा कोड सापडू लागला. लेम या मुक्त एमपीथ्री प्रकल्पाचे अंश. आणि व्हीएलसी प्लेअरसाठी योन लेक योहान्सन आणि सॅम होचेव्हार यांनी लिहिलेला कोड. हे प्रकल्प मुक्त आहेत याचा अर्थ बेवारस आहेत असा नाही. त्यांचा परवाना सांगतो, वापरा, पण श्रेय द्या, तोच परवाना पुढे चालवा आणि मूळ कोड उपलब्ध ठेवा. एक्ससीपीने यातलं काहीच केलं नव्हतं. कॉपीराइटचं रक्षण करायला निघालेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कॉपीराइटवर डल्ला मारून बनलं होतं.

त्यातून योहान्सन कोण? डीव्हीडीचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमपायी नॉर्वेत किशोरवयात खटला भरला गेलेला आणि निर्दोष सुटलेला मुलगा. एक्ससीपीत सापडलेला त्याचा कोड ॲपलच्या गाण्यांवरच्या कुलपाशी संबंधित होता. त्या काळी सगळ्यांच्या खिशात आयपॉड, आणि एक्ससीपीची गाणी आयपॉडवर चढत नसत, गिऱ्हाइकं चिडलेली. तेव्हा ॲपलचं कुलूप आपल्यालाही लावता यावं असा कुणीतरी घाट घातलेला दिसतो. कुलूपफोड्याचं सामान वापरून कुलूप बनवायला निघाले होते.

ज्यांचा कोड होता त्यांना यातून काय मिळालं? जवळपास काही नाही. ग्राहकांचे दावे झाले, सरकारांचे झाले, पण मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कॉपीराइटसाठी कुणी सीडी परत मागवत नाही.

साडेसात डॉलर

टेक्सासचे तेव्हाचे महाधिवक्ता ग्रेग ॲबट यांनी २१ नोव्हेंबरला हेरगिरी-सॉफ्टवेअरविरोधी नव्या राज्य कायद्याखाली दावा ठोकला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा दावाही त्याच सुमारास. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सामूहिक दाव्याची तडजोड झाली: एक्ससीपीची सीडी द्या, स्वच्छ सीडी घ्या, वर ७.५० डॉलर आणि एक अल्बम उतरवून घ्या. किंवा रोख नको असेल तर तीन अल्बम. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाला प्रत्येकी साडेसात लाख डॉलर द्यावे लागले. जानेवारी २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेबरोबर समझोता झाला. मशीन दुरुस्तीचा खर्च १५० डॉलरपर्यंत भरून देण्याचं त्यात कबूल करावं लागलं आणि अशी बंधनं सीडीच्या वेष्टनावरच स्पष्ट छापणं आलं. या कंपनीच्या आकाराकडे बघता हे रक्कम म्हणून काहीच नाही. खरा फटका बसला तो कल्पनेला: सीडीवर कुलूप ही गोष्टच मेली. जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजी ॲमेझॉनवर कुलूप नसलेल्या एमपीथ्री विकायला तयार झाली, चार बड्या कंपन्यांतली सगळ्यात शेवटची.

हे भारतात घडलं असतं तर? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ कॉम्प्युटरमध्ये दूषित घटक सोडणाऱ्याला भरपाईस जबाबदार धरतं, पण मालकाच्या परवानगीशिवाय सोडला असेल तर. म्हणजे वाद पुन्हा त्या 'मान्य आहे'च्या बटणावरच येऊन अडला असता. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं आपलं कलम ६५अ मात्र अमेरिकेपेक्षा शहाणं आहे, असं माझं मत आहे. कुलूप तोडणं तिथे गुन्हा ठरतं ते कॉपीराइट मोडायच्या हेतूने तोडलं तर. रूटकिट शोधणाऱ्याला आपल्याकडे इतकं दबकून राहावं लागलं नसतं, कायद्यापुरतं तरी.

अमेरिकेत कलम १२०१ मधून सूट मागायची तर दर तीन वर्षांनी कॉपीराइट कार्यालयापुढे अर्ज करावा लागतो. फेल्टन आणि हाल्डरमन यांनी केला. नोव्हेंबर २००६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथपालांनी सूट मंजूर केली: रीतसर विकत घेतलेल्या सीडीवरचं संरक्षक सॉफ्टवेअर सुरक्षेला धोका निर्माण करत असेल, तर ते तपासण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी कुलूप तोडायला हरकत नाही. त्या ५२ अल्बमांच्या सीडी दुकानांतून जाऊन तोवर वर्ष झालं होतं. २०१० च्या यादीत सीडीचा उल्लेख उरला नाही. तिच्या जागी आले व्हिडिओ गेम.